मृत्युशय्येपाशीं झालेली शास्त्रचर्चा

आशियामायनरच्या उत्तर भागांत, पाँटस प्रांतांत, आयरिस नदीच्या कांठीं अनीसा नांवाची एका जुन्या श्रीमंत घराण्याची जहागीर होती. हा मुलूख आज तुर्कस्तानांत मोडतो आणि त्या नदीस आतां येशिलइर्माक म्हणतात. इसवी सन ३७९ च्या सुमारास या जहागिरीवरील एका साध्या खोलींत पन्नाशी उलटलेली एक स्त्री तापानें फणफणत पडली होती. अंथरूण म्हणजे जमिनीवर टाकलेली फळी व तिच्यावर गोणपाट. उशीच्या जागीं आणखी एक फळी. तिला भेटावयास तिचा धाकटा भाऊ लांबचा प्रवास करून आला. दोघांची गांठ जवळजवळ आठ वर्षांनीं पडत होती. भावाच्या मनांत एक दुःख होतें, तें बहिणीपाशीं बोलून हलकें करावें म्हणून तो आला. आणि दारांत पाऊल टाकतांच दुसरें दुःख त्याच्यापुढें उभें राहिलें.

बहिणीचें नांव मॅक्रिना, भावाचें ग्रेगरी. ग्रेगरी हा निसा नांवाच्या लहानशा गांवाचा बिशप होता व ख्रिस्ती तत्त्वज्ञानाच्या इतिहासांत तो त्या गांवाच्या नांवानेंच ओळखला जातो. या दोघांमधला भाऊ बेसिल, सीझरियाचा नामांकित बिशप, कांहीं महिन्यांपूर्वीं वारला होता. त्या मृत्यूनें ग्रेगरी खचला होता. तो स्वतः धर्मोपदेशक; मेलेल्यांसाठीं शोक करूं नका, ते निजले आहेत, ते उठतील, असें दुसऱ्यांस सांगणें हें त्याचें रोजचें काम. परंतु स्वतःच्या भावाच्या बाबतींत तें त्याला सांगतां येईना. ज्या शास्त्रावर आपण उभे आहों तें आपल्याला खरोखर पटलें आहे काय, हा प्रश्न त्याच्या मनांत उठला. आणि तो विचारावयास त्याला जगांत एकच माणूस विश्वासाचें वाटलें.

पुढें ग्रेगरीनें या भेटीविषयीं दोन ग्रंथ लिहिले. एक मॅक्रिनेचें चरित्र, आणि दुसरा आत्मा व पुनरुत्थान या विषयावरील संवाद. या संवादांत तो बहिणीचें नांव घेत नाहीं. तो तिला सर्वत्र 'गुरु' म्हणतो, आणि ग्रीक भाषेंतील तो शब्द स्त्रीलिंगी उपपद लावून लिहितो. ज्या काळीं ख्रिस्ती मंदिरांत स्त्रीनें उपदेश करणें निषिद्ध मानलें जाई, त्या काळीं एका बिशपानें हें लिहिलें आहे. धाकट्या बहिणीनें ज्ञानदेवांची समजूत घातल्याची कथा मराठी घरांत सर्वांच्या परिचयाची आहे. येथें बहीण थोरली आहे आणि रुसवा नाहीं, शंका आहे, एवढाच फरक.

या घरांत धर्म पुस्तकांतून आला नव्हता. आजीचें नांवही मॅक्रिनाच. रोमन बादशहांच्या छळाच्या काळांत ती व तिचा नवरा पाँटसच्या जंगलांत कित्येक वर्षें लपून राहिलीं होतीं. आईच्या वडिलांस तर प्राणांस व मालमत्तेस मुकावें लागलें होतें. आई एमेलिया हिनें थोरल्या मुलीस ग्रीक कवींचीं काव्यें शिकविलीं नाहींत. देवादिकांचे रुसवेफुगवे व नाटकांतील रडारड कोवळ्या मुलीच्या कानीं पडूं नये असें तिला वाटे. त्यांच्या ऐवजीं शलमोनाच्या नांवावर असलेलें ज्ञानाचें पुस्तक व दाविदाचीं स्तोत्रें तिनें मुलीकडून पाठ करून घेतलीं. उठतां-बसतां, कामास लागतांना, निजावयास जातांना मॅक्रिना तीं स्तोत्रें म्हणे. त्याबरोबर लोंकर विणण्याचें कसबही तिच्या हातीं बसलें.

बाराव्या वर्षीं वडिलांनीं तिचें लग्न ठरविलें. मुलगा चांगल्या कुळांतला व होतकरू होता. पण लग्न होण्यापूर्वींच तो वारला. दुसरें स्थळ पाहण्याच्या गोष्टी निघाल्या तेव्हां मॅक्रिनेनें साफ नकार दिला. तिचें म्हणणें असें कीं, ज्याच्याशीं वडिलांनीं आपलें ठरविलें तो मेलेला नाहीं. पुनरुत्थानाची आशा आहे म्हणून तो देवापाशीं जिवंतच आहे. तो परगांवीं गेला आहे, आणि परगांवीं गेलेल्या नवऱ्याशीं बेइमानी करणें योग्य नव्हे. आई-बापांना यावर उत्तर देतां आलें नाहीं. लग्न टाळावयास ही युक्ति होती कीं खरी श्रद्धा, हें आज सांगणें कठीण आहे; बहुधा दोन्हींचें मिश्रण असावें. पण एक गोष्ट निश्चित. मेलेले उठतील कीं नाहीं हा प्रश्न मॅक्रिनेला शास्त्रार्थाचा नव्हता. त्या एका उत्तरावर तिनें वयाच्या बाराव्या वर्षापासून आपला सारा संसार, किंवा संसार न करणें, टांगून ठेवलें होतें.

पुढें तिनें आईला वळविलें. दोघींनीं घरच्या दासींना आपल्या बरोबरीनें वागविण्यास आरंभ केला. एकच पंगत, एकच अंथरूण, एकच काम. अथेन्सहून विद्या संपादून परतलेला बेसिल वक्तृत्वाच्या गर्वानें फुगला होता; त्याची धुंदी बहिणीनेंच उतरविली, असें ग्रेगरी लिहितो. नॉक्रेटियस नांवाचा एक भाऊ शिकारीस गेला असतां अपघातानें मेला, तेव्हां कोलमडलेल्या आईस सांवरणारी तीच. दुष्काळ पडला त्या वर्षीं रस्त्यावर टाकलेल्या मुली तिनें उचलून आणून वाढविल्या.

अशा स्त्रीपुढें ग्रेगरी येऊन बसला. बेसिलचें नांव निघतांच त्याचे डोळे वाहूं लागले. मॅक्रिनेनें त्याला लगेच अडविलें नाहीं. घोडा उधळला असतां कसलेला स्वार थोडा वेळ लगाम सैल सोडतो आणि मग हळूहळू आवरतो, तशी तिनें भावाला कांहीं काळ मोकळीक दिली. मग पौलानें थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या वचनाची आठवण दिली कीं, आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करूं नये.

यावर ग्रेगरीनें जें उत्तर दिलें, त्यांत या संवादाचें सारें मोल आहे. तो म्हणाला कीं, शास्त्राचीं वचनें आपल्याला हुकुमासारखीं वाटतात. आत्मा टिकून राहतो असें मानलेंच पाहिजे असें तीं सांगतात, म्हणून आपण मानतों. पण तें मन आपखुशीनें कबूल करीत नाहीं. गुलाम जसा धाकानें मान वाकवितो तशी आपली बुद्धि वाकते. देह विसकटला, त्यांतील उष्णता उष्णतेंत, माती मातींत गेली, मग आत्मा उरतो तो कोठें? एका बिशपाच्या तोंडचें हें वाक्य आहे. हें तो व्यासपीठावरून बोलूं शकला नसता. घरांत, थोरल्या बहिणीपुढें, बोलला.

मॅक्रिना रागावली नाहीं. हें बोलणें एपिक्यूरसच्या पंथाचें आहे एवढें तिनें सुनावलें व उत्तरास लागली. तिच्या शुश्रूषेस एक वैद्य शेजारींच बसला होता. तिनें त्याच्याकडे बोट केलें. हा माझी नाडी पाहतो, त्याच्या बोटांना लागते ती नुसती धडधड. पण त्यावरून आंत कोणता विकार आहे, ताप किती चढला आहे, हें तो जाणतो. बोटें हें जाणत नाहींत. इंद्रियांच्या मागें बसून त्यांच्याकडून काम करून घेणारें कांहीं आहे, आणि तें डोळ्यांस दिसत नाहीं एवढ्यावरून तें नाहीं असें ठरत नाहीं. मरणास टेकलेल्या बाईनें आपल्याच नाडीचा दृष्टांत द्यावा, यांत जें धैर्य आहे त्याचा ग्रेगरीनें कोठें गवगवा केलेला नाहीं.

मग देहाच्या विखुरलेल्या कणांचा प्रश्न आला. मॅक्रिना म्हणते, चितारी निरनिराळे रंग मिसळतो तरी प्रत्येक रंग त्याला ओळखूं येतो. तसा आत्मा आपल्या देहांत जीं तत्त्वें एकत्र आलीं होतीं त्यांना विसरत नाहीं, तीं कितीही दूर गेलीं तरी पहारेकऱ्यासारखा त्यांच्यापाशीं राहतो. हा युक्तिवाद आज कोणास पटेल असें नाहीं, आणि ग्रेगरीलाही तो फार वेळ पुरलेला दिसत नाहीं. कारण तो लगेच शास्त्रांतील अडचणींकडे वळतो.

पहिली अडचण अधोलोकाची. पृथ्वीच्या खालचे सर्व जीव ख्रिस्तापुढें गुडघे टेकतील असें पौल फिलिप्पैकरांस लिहितो; मग आत्मे जमिनीखालीं राहतात काय? मॅक्रिना सांगते कीं, पृथ्वी गोल आहे, तिची एक बाजू प्रकाशांत असते तेव्हां दुसरी अंधारांत. तेथें वर काय आणि खालीं काय? पौलाचे शब्द जागेविषयीं नाहींत, जीवांच्या प्रकारांविषयीं आहेत. दुसरी अडचण याहून बिकट होती. लूकाच्या शुभवर्तमानांत श्रीमंत मनुष्य व भिकारी लाजर यांचा दाखला आहे. श्रीमंत मेला, त्याला पुरलें. तरी ज्वाळांत त्याची जीभ कोरडी पडते, तो डोळे वर करून पाहतो, लाजराच्या बोटाचें टोंक पाण्यांत बुडवून मागतो. देह थडग्यांत आहे तर ही जीभ, हे डोळे, हें बोट कोणाचें?

मॅक्रिनेचें उत्तर असें कीं, या दाखल्यांतील प्रत्येक शब्द उघडून पाहिला पाहिजे. दोघांमधली दरी जमिनीत पडलेली नाहीं; या आयुष्यांत एकानें एक निवड केली, दुसऱ्यानें दुसरी, तीच ती दरी. लाजर अब्राहामाच्या उराशीं आहे असें लिहिलें आहे. पण ग्रीकांत ऊर या अर्थीं जो शब्द आहे तोच समुद्राच्या आखातासही लागतो. वादळांतून आलेलें गलबत ज्या शांत आखातांत शिरतें तेंच हें ऊर. आणि श्रीमंताला आपल्या पांच भावांची काळजी वाटते ती तरी कां? तो अजून देहाच्या जगण्याला चिकटलेला आहे म्हणून. शब्दशः अर्थ अडला म्हणजे प्रतीकाकडे वळावयाचें ही रीत तिच्याही पूर्वींची. अलेक्झांड्रियाच्या ओरिजेननें ती रूढ केली होती. पण येथें ती सुटका करून घेण्यासाठीं वापरलेली नाहीं. मेल्यावरही माणूस आपल्या सवयींतच अडकून राहतो, ही गोष्ट शब्दशः अर्थापेक्षां अधिक धाक देणारी आहे.

तिसरा प्रश्न नरकाच्या शिक्षेचा. देव दयाळू असेल तर तो यातना कां देतो? मॅक्रिना म्हणते, देव यातना देत नाहीं. तो आपल्याकडे ओढतो, आणि आपण मळाला घट्ट चिकटलेले असतों म्हणून ओढतांना दुखतें. भूकंपांत घर कोसळून ढिगाऱ्याखालीं सांपडलेल्या माणसाला बाहेर ओढतांना खिळे व कांटे त्याचें अंग फाडतात; ओढणारा कांहीं वैरी नसतो. चिखलानें माखलेला दोर अरुंद भोकांतून ओढला तर चिखल खरवडला जातो. भट्टींत सोन्याबरोबरचें हीण जळतें. कोणाला थोडा वेळ लागेल, कोणाला फार. पण अखेरीस, पौलानें करिंथकरांस लिहिल्याप्रमाणें, देव सर्वांत सर्व होईल, आणि तेव्हां दुष्टपणाला राहावयास जागाच उरणार नाहीं. हें उत्तर पुढच्या पिढ्यांना पचलें नाहीं. सहाव्या शतकांत ओरिजेनच्या अनुयायांच्या मतांचा निषेध झाला, तेव्हांपासून ग्रेगरीसारख्या पूज्य पुरुषाच्या ग्रंथांत असें मत कसें, ही पंचाईत झाली. आठव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष जर्मेनस यानें तर हीं वाक्यें पाखंड्यांनीं मागाहून घुसडलीं असें प्रतिपादन केलें. परंतु हें मत या संवादाच्या हाडामांसांत भिनलेलें आहे. तें कापून काढलें तर संवादाचा शेवटच उरत नाहीं.

हिंदु वाचकाचें लक्ष विशेष वेधील असा भाग पुनर्जन्माच्या खंडनाचा. आत्मा पुन्हा देहांत येतो एवढें पायथागोरस व प्लेटो यांच्या परंपरेशीं जुळतें, असें मॅक्रिना मान्य करते. पण तो पशूंत वा झाडांत जातो हें तिला मान्य नाहीं. तसें असेल तर द्राक्षाचा घड तोडतांना किंवा कांटा उपटतांना, हा आपला पूर्वज तर नव्हे, अशी धास्ती माणसानें बाळगावयास हवी, असें ती म्हणते. अहिंसेच्या वातावरणांत वाढलेल्या माणसाला यांत हंसण्यासारखें कांहीं दिसणार नाहीं. धास्ती बाळगावी, त्यांत वाईट काय, असेंच तो विचारील. तिच्यापुढें ग्रीक मत होतें, कर्माचा विचार नव्हता, हें लक्षांत ठेवावें.

संवादाच्या शेवटीं ग्रेगरी आपली सर्वांत जड शंका काढतो. देह नदीसारखा आहे, दिव्याच्या ज्योतीसारखा आहे; तो क्षणोक्षणीं बदलतो. मग उठावयाचा तो कोणता देह? तान्हेपणाचा, तारुण्याचा, कीं म्हातारपणाचा? रोगानें कुजलेला मनुष्य तसाच उठणार असेल तर पुनरुत्थान ही आशा नव्हे, शिक्षाच. आणि तो निराळा, धडधाकट होऊन उठणार असेल तर उठला तो दुसराच कोणी. माझ्याऐवजीं दुसरा उठला, तर मला काय त्याचें? ही शंका बेसिलविषयींची आहे, जरी त्याचें नांव येथें घेतलेलें नाहीं. बेसिल आयुष्यभर आजारी असे. ग्रेगरीला कोणताही देदीप्यमान बेसिल नको होता. त्याला आपला भाऊ हवा होता.

मॅक्रिना प्रथम कबूल करते कीं, हे आक्षेप कुशलतेनें मांडलेले आहेत. मग ती पौलाच्या दृष्टांताकडे येते. पेरलेला दाणा आणि त्यांतून उगवलेलें कणीस दिसावयास एकसारखें नसतें. तरी गव्हांतून गहूंच येतो. उत्पत्तीच्या पुस्तकांत आदाम व हव्वा यांना देवानें चामड्याचीं वस्त्रें घातलीं असें आहे. जन्म, वाढ, जरा, रोग, मरण हीं तीं वस्त्रें. तीं उतरलीं म्हणजे उरतो तो माणूसच. किंबहुना तेव्हांच तो पुरतेपणीं माणूस होतो. पुनरुत्थान म्हणजे मूळ प्रकृति परत मिळणें. येथें संवाद संपतो. ग्रेगरीला हें पटलें असें वाक्य त्यांत नाहीं.

हा संवाद खरोखर असाच घडला काय? नाहीं. त्याची ठेवण प्लेटोच्या, सॉक्रेटिसाच्या मरणसमयींच्या संवादावरून घेतलेली आहे, हें कोणाच्याही ध्यानांत येईल. चरित्रांत जिला ग्रीक काव्यापासून दूर ठेवलें असें ग्रेगरी सांगतो, तीच येथें प्लेटोच्या रथाच्या रूपकाची चर्चा करते. तापानें धाप लागलेली स्त्री इतका वेळ इतकें सुसंगत बोलणें शक्य नाहीं. शब्द बहुतांशीं ग्रेगरीचे आहेत. परंतु चरित्रांतही, जेथें त्याला कांहीं सिद्ध करावयाचें नव्हतें, तो लिहितो कीं बेसिलचा विषय निघाला तेव्हां आपण रडूं लागलों, आणि बहीण मात्र मनुष्याचा जन्म कशासाठीं, मरण कां, मरणांतून सुटका कशी, याविषयीं झऱ्यासारखी बोलत राहिली. विषय तोच, प्रसंग तोच, रडणारा तोच. नुसती कल्पना करणाऱ्या लेखकानें विद्यार्थ्याची भूमिका स्वतःकडे घेतली नसती.

त्याच चरित्रांत पुढची हकीकत आहे. बोलून दमलेल्या भावाला तिनें बागेंत विसांवा घ्यावयास पाठविलें. तो परत आला तेव्हां तिनें आई-बापांच्या, आजोबांच्या गोष्टी काढल्या. त्यानें बादशहा व्हॅलेन्सच्या अमदानींत भोगलेल्या हद्दपारीचें रडगाणें लावलें, तेव्हां तिनें त्याला चांगलें झाडलें: तुझें नांव दूरदूरच्या मंडळ्यांत घेतलें जातें तें आई-बापांच्या पुण्याईनें, याचें भान ठेव. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दिवा आणला गेला. तिनें डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलें. सांजवेळची प्रार्थना म्हणावी असें तिच्या मनांत होतें, पण आवाज फुटेना. ओठ व हात तेवढे हलले. प्रार्थना संपली तेव्हां तिनें एक दीर्घ श्वास घेतला आणि प्राण सोडला. तिच्या सांगण्याप्रमाणें ग्रेगरीनें तिच्या चेहऱ्यावर हात ठेवला.

त्यानंतर घरांतील स्त्रियांनीं हंबरडा फोडला. दुष्काळांत रस्त्यावरून उचलून आणलेल्या मुलींचा आक्रोश सर्वांत मोठा होता. पुनरुत्थानावर एवढें ऐकून घेतलेल्या ग्रेगरीचाही बांध फुटला व तोही त्यांच्यांत सामील झाला. हें तो स्वतःच लिहितो. मग केव्हां तरी तिची शिकवण आठवून त्यानें सर्वांस आवरलें व रडण्याच्या जागीं स्तोत्रें म्हणावयास सांगितलें.

चाळीस हुतात्म्यांच्या मंदिरांत आई-बापांचें थडगें होतें. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण गर्दी अशी लोटली कीं अंत्ययात्रेला जवळजवळ सारा दिवस लागला. मॅक्रिनेला आईच्या शेजारीं ठेवावयाचें होतें. दोघींची तशी इच्छा होती. थडगें उघडण्याची वेळ आली आणि ग्रेगरी एकाएकीं घाबरला. आई वारल्यास आठ-नऊ वर्षें झालीं होतीं, वडिलांना तर तीसहून अधिक. आंत काय दिसेल हें तो जाणत होता. आपल्या आई-बापांची नग्नता उघडी करूं नको, ही लेवीयांच्या पुस्तकांतील आज्ञा त्याला आठवली. बापाची नग्नता पाहणाऱ्या मुलावर नोहा कोपला तेंही आठवलें. विघटलेले, आकार हरपलेले आई-बाप पाहणें हें त्या आज्ञेचें उल्लंघन तर होणार नाहीं? नुकतेंच, विखुरलेल्या मातीलाही आत्मा ओळखतो, असें त्यानें बहिणीच्या तोंडून ऐकलें होतें. पण आतां बहीण सांगावयास नव्हती.

नोहाच्या दुसऱ्या दोन मुलांनीं काय केलें होतें, तें मग त्याच्या ध्यानांत आलें. झांकण वर उचललें जात असतां, आंतलें कांहीं दिसण्यापूर्वींच, एक स्वच्छ तागाचें कापड दोन्ही टोंकांनीं धरून आंतील देहांवर पसरण्यांत आलें. मग ग्रेगरी व तेथील बिशप या दोघांनीं मॅक्रिनेला उचललें आणि आईच्या कुशीशीं ठेवलें.